ल्हान

फूटपाथ जिथे संपतो, तिथून गाव सुरू होतं.
दुसरी खूण नाही.
टाइल्सच्या शोरूमची मागची भिंत, मग मेंढ्या,
मग घरांची एक रांग, आणि गंजक्या फाटकाआड चॅपल,
ज्यात आता रविवारी सहा माणसं बसतात.
रेक्समहून सव्वीस नंबरची बस अकरा मिनिटांत येते.
इथल्यांना विचाराल तर रेक्सम फार लांब.

महिन्यातून एकदा, दुसऱ्या गुरुवारी,
मी चॅपलमागच्या खोलीत कान तपासते.
गेथिन आधी येऊन हीटर लावतो,
भिंतीवरचं घड्याळ उतरवतो,
दोन टॉवेलांत गुंडाळून स्वयंपाकघरात
ब्रेडच्या डब्यात ठेवतो,
टिकटिक चाचणीत येऊ नये म्हणून.
मी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच ओळखलं.

एलुनेद पॅरी, वय सत्त्याऐंशी,
हेडफोन घालून बसली, मांडीवर पर्स.
खालचे सूर सगळे बरोबर: दार, ट्रॅक्टर, पुरुष.
वर वर गेले तसं बटण गप्प झालं.
कागदावरची रेघ
घाट उतरावा तशी उतरली.

मी समजावलं: स जातो, फ जातो,
नुसत्या श्वासाचे जेवढे आवाज, ते आधी जातात.
ती म्हणाली, मग गावाचं नाव?

गावाच्या नावाचं पहिलं अक्षर नुसता श्वासच.
जीभ दातांमागे टेकवायची, ल म्हणायला निघायचं
आणि म्हणायचं नाही;
कडेने वारा सोडायचा, गरम चहावर फुंकर घालावी तसा.
तिने तीनदा म्हणून दाखवलं.
मला ऐकू आलं. तिला नाही.
किती वर्षं झाली ते तिलाही सांगता येईना,
तोंडातून अख्खं निघालेलं नाव
कानाशी पोचेस्तोवर पुढून कापलेलं.

देवनागरीत ते अक्षर नाही.
मी वहीत ल ला ह जोडला: ल्हानवेरिन.
पेन तिथंच थबकलं.
आमच्या वाशीमकडे लहानाला ल्हानच म्हणतात.
ल्हाना भाऊ. ल्हानी वाटी. ल्हानपणीची गोष्ट.

आणि तुझं नाव? तिने विचारलं.
इंगळे. बिल्ल्यावर इंग्रजीत आहे,
सगळे इंगल म्हणतात.
सगळे म्हणजे मी नव्हे, ती म्हणाली.
मग जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड.
वळेना. इंगडे. इंगरे.
शेवटी दमून: इंगये.

मला हसू आवरेना.
आमच्या घरी, गल्लीत, शाळेत मास्तरांपर्यंत
सगळे इंगयेच म्हणायचे.
ळ मी शिकले पुण्यात, हॉस्टेलवर,
कुणीतरी हसल्यावर.

ऑक्टोबरात मशिनं आली,
दोन, तिच्या केसांच्या रंगाची.
पुढच्या खेपेला ती दारातूनच तणतणत आत शिरली.
बस! बसमधली ती बाई!
पुढचा थांबा म्हणून सांगते ना,
लॅनवेरिन म्हणते! सरळ ल ने!
नऊ वर्षं मी समजत होते,
ती बरोबर म्हणत असेल, माझेच कान गेलेत.

गेथिनने कागद आणला. कंपनीला पत्र.
ती सांगत गेली, तो लिहीत गेला,
मध्येच दोघं एका शब्दावरून भांडले,
माझ्या मते दोघंही बरोबर होते.
खाली सह्या. मलाही पेन पुढे केलं.
तू इथली नाहीस, गेथिन म्हणाला,
पण महिन्यातून एकदा आहेस.

मी ळ काढत होते,
तेवढ्यात एलुनेदने हात वर केला.
गप्प.
मान तिरकी करून
ती स्वयंपाकघराकडे बघत राहिली.

त्या ब्रेडच्या डब्यात, ती म्हणाली,
काय आहे?